पेटी डावी का उजवी?

कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी डावा-उजवा मिस्त्री एकच प्रश्न विचारायचे: "डावा का उजवा?" स्टूल दुरुस्तीला न्या, दाराची कडी न्या, पाळणा न्या, प्रश्न ठरलेला. एकदा मला स्थळ सांगून आलं होतं. आईनं मिस्त्रींना मुलाची सगळी माहिती सांगितली. शिक्षण, नोकरी, घरदार, माणसं कशी आहेत, सगळं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि विचारलं, "डावखुरा हाय का उजवा?" ते स्थळ पुढे जमलं नाही. पण तो मुलगा कुठल्या हाताचा होता हे कळायचं राहूनच गेलं, याची मला अजून चुटपुट आहे.

ही खोड त्यांना कारखान्यात लागली. सोलापुरात यंत्रमाग जोडीनं मांडतात. दोन मागांच्या मधल्या बोळात विणकर उभा राहतो आणि दोन्हीकडे लक्ष ठेवतो. म्हणून जोडीतला एक डावा असतो, एक उजवा, आरशात बघितल्यासारखे. डाव्याचा भाग उजव्याला बसत नाही. मिस्त्रींनी चाळीसेक वर्षं मागांचे लाकडी भाग घडवले. कारखानदार डाव्याचा मोडका तुकडा पाठवायचा आणि उजव्यासाठी तसाच मागायचा. मिस्त्री नमुना एकदा फिरवून बघायचे आणि मनातल्या मनात उलटा करून लाकडात उतरवायचे. पुढे लाकडाच्या जागी प्लास्टिक आणि लोखंड आलं, त्यांचं काम गेलं, पण प्रश्न काही सुटला नाही. आम्ही गल्लीतली पोरं पाठीमागे त्यांना डावा-उजवा म्हणायचो आणि समोर मिस्त्रीमामा. येत्या दिवाळीत त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि मोजायचे मात्र नेहमी तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू. मोजताना कुणी मध्ये बोललं की पहिल्यापासून सुरुवात. लहानपणी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहून "सात, अकरा, चार" असं ओरडायचे. ते पेन्सिल कानाला लावून माझ्याकडे बघत राहायचे. रागवायचे नाहीत, पण माझ्या आईला हाक मारून सांगायचे, "वैनी, हिला गणिताला बसवा, लई आकडे आलेत तोंडात." मग आई खरंच बसवायची.

त्यांच्या घराच्या माळ्यावर लाकडं रचून ठेवलेली असायची. गल्लीत कुणाचा जुना हातमाग मोडीत निघाला की मिस्त्री तिथे हजर. बाकीचे लोखंड उचलायचे, हे लाकूड. प्रत्येक फळी कुठल्या घरची, हे त्यांना पाठ होतं. ही कोपऱ्यावरच्या म्हातारीच्या मागाची, ही पिठाच्या गिरणीवाल्याच्या आजोबांची. एवढं लाकूड साठवून करणार काय, असं त्यांची बायको विचारायची. त्यावर त्यांचं उत्तर असायचं की मागाचं सागवान जन्मभर हादरे खाऊन बसलेलं असतं, आता ते वाकडं व्हायचं नाही. बायकोचा प्रश्न वेगळाच होता, पण मिस्त्रींना सोयीचा तेवढाच प्रश्न ऐकू यायचा.

आता माझ्याकडे येते, कारण माझ्याशिवाय मिस्त्रींच्या हातून ही कॉम्प्युटरची पेटी झाली नसती, आणि पेटीशिवाय मी आज इथे नसते. बाबा गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून घरी आले. आई एकटी. पुण्याला चल म्हटलं तर म्हणायची, "मला हे घर सोडवत नाही." मी कापडावरची नक्षी कॉम्प्युटरवर करायला शिकले होते. म्हटलं, चादरींचं गाव आहे, इथेच नक्षीचं काम करू. वरच्या खोलीत टेबल टाकलं, कॉम्प्युटर मांडला, आणि एका कारखानदारानं चाचणी म्हणून एक चादर दिली. मी तिच्यावर ज्वारीची कणसं काढली, काठाला पानं. त्यांना चित्र आवडलं. म्हणाले, मे महिना संपायच्या आत मागाला चालेल अशी पूर्ण फाइल द्या, मग पुढच्या सगळ्या नक्ष्या तुमच्याकडेच. तिकडे पुण्याच्या जुन्या ऑफिसनंही मे अखेरपर्यंतच मुदत दिली होती: परत येताय की नाही ते सांगा. म्हणजे फाइल झाली तर सोलापूर, नाहीतर पुणे आणि आई इथे एकटी, इतका सरळ हिशेब होता.

आणि फाइल काही होईना. आमच्या भिंतीला लागून वीस मागांचा कारखाना आहे. माग चालू झाले की खिडकीतून, कौलांतून, दाराच्या फटीतून कापसाचं तूस येतं. ते दुधावर बसतं, केसांवर बसतं, देवावर बसतं. त्याची आम्हाला सवय आहे. कॉम्प्युटरला नव्हती. आतला पंखा हवा ओढायचा, हवेबरोबर तूस ओढायचा, आणि तीन आठवड्यांत आत गादी तयार. मग गरम होऊन बंद. चित्राची मागाला चालणारी फाइल कॉम्प्युटर एका दमात करायचा, त्याला सलग चार तास लागायचे आणि पठ्ठ्या तिसऱ्या तासाला डोळे मिटायचा. मग सगळं पहिल्यापासून. दुरुस्तीला येणाऱ्या इरफानभाईंनी एकदा आतून तुसाचा असा गोळा काढला की आई म्हणाली, यात एक उशी होईल. त्यांनी जाळीदार नवा खोका बसवून दिला. जाळीतून तर आणखी जोरात तूस आत गेलं. एसी लावायचा तर घराचं जुनं वायरिंग झेपत नव्हतं. मी खिडक्या बंद करून, दाराला ओली चादर लावून बसून बघितलं. मेमधल्या सोलापुरात असं बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळणार नाही.

एक दिवस मी वैतागून तो पत्र्याचा खोका गॅलरीत उघडा टाकला होता आणि दात कोरायच्या काडीनं तूस काढत होते. मिस्त्री आईकडे विळीचा पाट द्यायला आले होते. वर येऊन बघत उभे राहिले.

"काय करायलीस गं?"

मी सांगितलं. आवाज रडका होता, हे नाकबूल करत नाही.

ते खाली बसले, पंख्याच्या भोकावर तळहात ठेवून म्हणाले, "हा हितनं हवा घेतोय व्हय? एवढ्याशा तोंडानं? मग तूस खाणारच की." मग त्यांनी मला जे समजावलं ते इरफानभाईंनाही सुचलं नव्हतं. कारखान्याच्या बारक्या खिडकीला तूस जास्त साठतं आणि मोठ्या खिडकीला कमी, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलेलं. लहान तोंडातून हवा जोरात शिरते आणि तूस ओढून आणते. तोंड मोठं केलं की हवा सावकाश येते, तूस बाहेरच पडून राहतं. तेव्हा तोंड मोठं करायचं, त्याला कापड लावायचं, आणि ते कापड रोज झटकता येईल असं ठेवायचं. "पत्र्याला कोण एवढं करणार? लाकडाची पेटी करतो," म्हणाले.

इरफानभाईंना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, लकडी में गर्मी बैठती. कम्प्युटर है, मुर्ग्यां का दडबा नै." मिस्त्रींनी त्यांना शांतपणे विचारलं की कोंबडीला गरम होतं म्हणून कुणी पत्र्याच्या खुराड्यात ठेवतं का. पण इरफानभाईंचा एक मुद्दा रास्त होता. विजेसाठी जुन्या खोक्यातला आतला पत्रा काढून पेटीत बसवायला हवा, आणि त्याला अर्थिंग हवं. मिस्त्रींनी ते लगेच मान्य केलं. तापमानाबाबत मात्र दोघांनी माघार घेतली नाही. गरम हवा वर जाते हे चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा, असं मिस्त्रींचं म्हणणं. तिला वरून वाट द्यायची, बस्स.

काम सुरू झालं. नमुना म्हणून मी पत्र्याचा खोका त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यांनी तो दोनदा फिरवून बघितला. मग अर्थातच विचारलं, "डावा का उजवा?"

मला वाटलं, पेटी टेबलाच्या कुठल्या बाजूला ठेवणार, असं विचारतायत. मी उजव्या हाताला ठेवायचे. "उजवा," मी म्हटलं आणि घरी आले. माझं लक्ष कणसांत होतं.

आठ दिवस त्यांच्या ओट्यावरून रंध्याचा आवाज येत होता. कोपऱ्यावरच्या म्हातारीच्या मागाची फळी समोर लागली, गिरणीवाल्याची मागे. खिळा एकही नाही, सगळीकडे खाचा आणि लाकडी खुंट्या. माग बिघडला तर उभ्या उभ्या उघडता आला पाहिजे, तशीच पेटीही, हा त्यांचा नियम. तळाला त्यांनी टेबलाच्या खणासारखा एक रुंद खण केला, त्याला तळ नाही, फक्त चौकट, आणि चौकटीवर ताणून बसवलेलं स्वतःच्या जुन्या धोतराचं कापड. अशा दोन चौकटी. एक पेटीत, दुसरी धुऊन दोरीवर. कापड ओलं ठेवलं तर कूलरसारखं गार वारं येईल, अशीही एक कल्पना त्यांच्या डोक्यात आली होती. पेटीखाली पाण्याची परात ठेवायला ते निघाले, तेव्हा मी अक्षरशः आडवी आले. बऱ्याच वेळानं ऐकलं त्यांनी. पण मनातून पटलं नव्हतं.

पेटी घरी आली तेव्हा आईनं तिला हळदीकुंकू लावलं. दिसायला अशी देखणी की मला तिच्यात कॉम्प्युटर ठेवायचा संकोच वाटायला लागला. सागवानाचा तो तेलकट तपकिरी रंग, कडा बोटाला लागू नयेत म्हणून गोल केलेल्या. इरफानभाई कॉम्प्युटरची मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, घेऊन आले, आत धरून बघितली, बाहेर काढली, पुन्हा धरली. मग हसायला लागले. मागच्या फळीतली सगळी भोकं चुकीच्या बाजूला होती. वायरी जिथे लागायच्या तिथे अखंड लाकूड, आणि जिथे काहीच नाही तिथे सुबक खिडक्या.

मिस्त्रींनी चूक केली नव्हती. त्यांनी नमुना पाहिला, तो डावा आहे हे ओळखलं, मी उजवा मागितला म्हणून जन्मभर केलं तेच केलं. अख्खी पेटी मनात उलटी करून हुबेहूब लाकडात उतरवली. चूक माझी. मी ती तिथल्या तिथे कबूल केली, दोनदा. पण इरफानभाईंचं हसू थांबेना, आणि मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेले. मला स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही. मे संपायला पाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी पुण्याच्या ऑफिसला "येते" असं लिहायलाही घेतलं. अर्धं लिहून ठेवून दिलं.

सकाळी आई अंगणात सडा घालत होती तेव्हाच मिस्त्री आले. सरळ वर गेले. मागच्या फळीच्या चार खुंट्या ठोकून काढल्या, फळी बाहेर ओढली, आतली बाजू बाहेर केली आणि परत खाचेत सरकवली. भोकं आपोआप दुसऱ्या बाजूला गेली. मग दोन्ही बाजूच्या फळ्यांची अदलाबदल. त्या सारख्या मापाच्याच केल्या होत्या, कारण एका मागाचा भाग दुसऱ्याला कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ते नेहमीच जमेल तिथे दोन्हीकडून बसेल असं करायचे. आईनं आणलेला चहा अजून वाफाळत होता आणि डावी पेटी तयार होती. "रात्रभर डोसक्यात फिरवून बघितली," ते म्हणाले. "लाकडाला आत-बाहेर कुटं असतंय? पत्र्याला असतंय."

इरफानभाई आले, पट्टी आत धरली. बसली. चारही कोपऱ्यांत बसली. त्यांनी खाली वाकून मिस्त्रींचे गुडघे शिवल्यासारखं केलं. मिस्त्री मागे सरकले. त्यांना असलं आवडायचं नाही.

मी खरी परीक्षा घ्यायची ठरवली. खिडक्या उघड्या. दार उघडं. शेजारी वीसच्या वीस माग चालू. ऊन असं की गच्चीवर घातलेल्या सांडग्यांनाही दया यावी. सकाळी नऊला फाइल सुरू केली. इरफानभाई पडद्याच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर डोळे लावून बसले. मिस्त्रींना आकड्याशी कर्तव्य नव्हतं. ते मधून मधून पेटीच्या अंगाला हात लावायचे, आजारी मुलाच्या लावतात तसा, आणि म्हणायचे, "ताप न्हाय." पहिला तास गेला. दुसरा गेला. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वर आणून दिली. कुणाचं लक्ष नव्हतं, तरी सगळ्यांनी खाल्लं. तिसरा तास, जिथे हे यंत्र दर वेळी मान टाकायचं, तो आला आणि मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेले. मला बघवत नव्हतं. आतून इरफानभाईंचा आवाज आला, "मॅडम, गया आगे." मी आत आले. आकडा जिथल्या तिथे होता. वरच्या वाटेनं कोमट हवा येत होती, खालच्या धोतरावर तुसाचा पातळ पांढरा थर बसला होता, आणि पेटी एखाद्या मांजरीसारखी गुरगुरत होती.

चार तास आणि काही मिनिटांनी फाइल पूर्ण झाली. मी रडले. अगदी उघडपणे, तोंड न लपवता. इरफानभाईंनी स्वतःच्या फोनवर पेटीचे पुढून, मागून, वरून फोटो काढले. आठवड्याभरात गल्लीतली आणखी दोन माणसं मिस्त्रींच्या ओट्यावर उभी होती. एक झेरॉक्सवाला, एक शिकवणी घेणारा. पुढच्या काळात त्यांनी अशा सात पेट्या केल्या. माळा रिकामा होत गेला, बायको खूश झाली. माझ्या पेटीत आतापर्यंत तीन कॉम्प्युटर होऊन गेले, पेटी तीच आहे. धोतराच्या चौकटी मी अजून रोज सकाळी झटकते. कणसांची चादर विणली गेली, दुकानांत गेली, तिच्या मागोमाग मी आजवर मोजता येणार नाहीत इतक्या चादरी काढल्या, आणि त्यातली एकही सोलापूरच्या बाहेर बसून काढलेली नाही.

पण मला ती दुपारच आठवत राहते. फाइल कारखानदाराला पाठवली, त्यांचा होकार आला, आणि मी सगळ्यांसमोरच पुण्याला फोन लावला. मी येत नाही, म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "इथला कॉम्प्युटर जास्त चांगला चालतो." त्या गोंधळल्या. मी फोन ठेवला.

आई दारात उभी होती. तीन महिन्यांत तिनं मला एकदाही जा किंवा राहा असं म्हटलं नव्हतं. आता ती तडक खाली गेली. थोड्या वेळानं खालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही जिन्यावरून खाली बघत राहिलो. आईनं पलंगाखालून मोठी पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली होती. सुतळीनं करकचून बांधलेली, चारही बाजूंनी. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: पुणे.

"मला वाटलं, तू एकटी कशी राहशील तिथे," ती म्हणाली. "आठ दिवस झाले बांधून."

हे घर सोडवत नाही म्हणणारी आई. इरफानभाई दुसरीकडे बघायला लागले.

मिस्त्री मात्र खाली उतरले. ट्रंकेपाशी जाऊन त्यांनी गाठ बोटांनी चाचपली.

"लई घट्ट बांधलीय की, वैनी," ते म्हणाले. मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले, आणि गाठी सोडायला लागले.